जपानची सफाई आणि खाटकाची मुलगी

दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन जपानला जाऊन आले. धाकटा भाऊ काही वर्षांपासून टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. अम्मीला नातीला डोळे भरून पाहायचं होतं आणि मला, खरं सांगायचं तर, फुकटात राहायची सोय होती म्हणून देश बघायचा होता. बारा दिवस राहिलो. परतल्यापासून भेटणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "मॅडम, तिथं रस्त्यावर खरंच कागदाचा कपटाही नसतो का हो?" मी हो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "नाहीतर आपले मोहल्ले बघा! सफाई म्हणजे अर्धं ईमान म्हणायचं आणि गटारीच्या काठावर बसून चहा प्यायचा."

हे वाक्य मीही अनेक वर्षं म्हणत आले आहे. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे दोन्ही भाषांत म्हणत आले आहे. स्वच्छतेवरचा निबंध असो की वक्तृत्व स्पर्धा, जपान्यांचं उदाहरण ठरलेलं. आता तो देश बघून आल्यावर मला ते वाक्य तेवढ्या सहजपणे म्हणता येत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. स्वच्छता आहे, आणि ती डोळ्यांत भरणारी आहे. भाऊ निशी-कासाई नावाच्या भागात राहतो. तिथं भारतीयांची बरीच वस्ती आहे, किराणा दुकानात तूरडाळही मिळते. पहिल्या दिवशी अम्मीनं ट्रेनमधून उतरल्यावर केळं खाल्लं आणि साल हातात धरून कचरापेटी शोधू लागली. पेटी काही सापडेना. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्टेशनांवरच्या बऱ्याच कचरापेट्या काढून टाकल्या गेल्या. त्यामुळे लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. अम्मीनं ते साल रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं आसाकुसा तिनं त्या सालासकट पाहिलं. रात्री पर्स उघडून म्हणाली, "इत्ता साफ मुल्क, और मेरी पर्स में कचरा!"

पण घरी नेलेल्या कचऱ्याचं पुढं काय होतं, हेही मी बघितलं. भावाच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला आहे. जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्या-डबे कुठल्या वारी, कागद कुठल्या वारी. सकाळी लोक पिशव्या नेमून दिलेल्या कोपऱ्यात ठेवतात, वर जाळी अंथरतात, कारण टोकियोचे कावळे आपल्या कावळ्यांपेक्षा आकारानं मोठे आणि तितकेच बेरकी. आणि मग गाडी येते. ज्या वारी यायची त्या वारी येते, ज्या कोपऱ्यावर यायची तिथंच येते. आमच्या मोहल्ल्यात घंटागाडी मुख्य रस्त्यावर उभी राहून घंटा वाजवते आणि निघून जाते, कारण आमची गल्ली तिच्यासाठी अरुंद आहे. आतल्या घरातली बाई बादली घेऊन धावत येईपर्यंत गाडी चौकात पोचलेली असते. मग ती बादली कुठं रिकामी होते, हे मी सांगायला नको. जपानच्या सफाईत निम्मी माणसाची सवय आहे आणि निम्मी त्या गाडीची. भाषणं करताना आपण पहिल्या निम्म्यावरच बोलतो.

एका बाबतीत मात्र आम्ही दोघी बेहद्द खूश होतो. परदेशी जाणाऱ्या मुसलमानाची सगळ्यात मोठी चिंता शौचालयात पाणी असेल की नाही ही असते, जेवणाची नंतर. युरोपला जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या बाटल्यांच्या कहाण्या आम्ही ऐकलेल्या. इथं मात्र बटण दाबलं की कोमट पाण्याची धार, तीही कमी-जास्त करता येणारी. स्टेशनावर, दुकानात, सगळीकडे. अम्मीनं त्या यंत्राला मनापासून दुआ दिली. जेवणाचं म्हणाल तर, भाताच्या त्रिकोणी गोळ्यात काय भरलंय हे भाची वाचून सांगायची, कारण साध्या दिसणाऱ्या पदार्थातही डुकराची चरबी किंवा स्वयंपाकाची गोड दारू असू शकते.

मेजी जिंगूला गेलो तेव्हा देवळाच्या वाटेवर पाण्याचं एक कुंड होतं. लोक लाकडी पळीनं आधी डावा हात धुत होते, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरत होते, शेवटी पळी उभी करून तिचा दांडा धुत होते. आम्ही बाजूला उभ्या राहून पाहत होतो. "ये तो वुजू हुआ," अम्मी म्हणाली. मी म्हटलं, "पाय राहिले." पण मनात तेच आलं होतं. पाण्यानं स्वच्छ होऊन आपल्या देवासमोर उभं राहायचं, ही कल्पना किती जणांची आहे!

त्याच संध्याकाळी योयोगी-उएहाराच्या तुर्की मशिदीत मगरिब पढली. टोकियोतली ही मस्जिद मूळची १९३८ सालची, रशियातून परागंदा झालेल्या तातार मुसलमानांची. ती जुनी झाली म्हणून १९८६ साली पाडली आणि २००० साली तुर्कस्तानच्या मदतीनं नवी उभी राहिली. या मशिदीच्या इतिहासात अब्दुर्रशीद इब्राहिम हे नाव येतं. सायबेरियात जन्मलेले हे आलिम १९०९ साली जपानला पोचले, महिनोन्‌महिने फिरले, शाळा, तुरुंग, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या पाहिल्या आणि तुर्की भाषेत मोठं प्रवासवर्णन लिहिलं. जपान्यांचा प्रामाणिकपणा, नीटनेटकेपणा, पाहुणचार बघून ते भारावून गेले. त्यांच्या लेखनाचा सूर असा की, जे गुण मुसलमानांत असायला हवेत ते इथं आहेत, फक्त इस्लामचं नाव तेवढं नाही. (पुढच्या प्रवासात ते मुंबईला आले. तिथूनच यामाओका नावाचा जपानी त्यांच्यासोबत मक्केला गेला. पहिला जपानी हाजी आपल्या मुंबईतून निघाला, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नाही.) उतारवयात ते जपानलाच येऊन राहिले आणि १९४४ साली टोकियोत त्यांचा इंतकाल झाला.

त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांत आपण त्याच एका वाक्यावर अडलो आहोत, असं मला मशिदीतून बाहेर पडताना वाटलं. जपानला जाणारा प्रत्येकजण येताना आपल्याच माणसांच्या पाठीत घालायला एक छडी घेऊन येतो. याला सन्माननीय अपवाद म्हणजे सर रास मसूद. ते १९२२ साली हैदराबाद संस्थानचे शिक्षण संचालक म्हणून गेले आणि जपानच्या शिक्षणव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. लोक स्वभावानं किती थोर आहेत यापेक्षा शाळा कशा चालतात, कुठल्या भाषेत शिकवतात, हे त्यांनी पाहिलं. मास्तर माणसाला हीच नजर बरी.

म्हणून मी भाचीच्या शाळेकडे वळते. ती तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. आम्ही गेलो त्या आठवड्यात शाळा पालकांसाठी खुली होती, त्यामुळे मला आत जाता आलं. जेवणानंतर घंटा झाली, टेबलं-खुर्च्या मागं सरकल्या, पोरांनी डोक्याला रुमाल बांधले आणि साफसफाई सुरू. कोणी झाडू, कोणी फडकं. फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून, ओणवं होऊन वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचं. पोरांसाठी ती शर्यतच होती. बाईही हातात फडकं घेऊन खिडकी पुसत होत्या. वीस मिनिटांत सगळं संपलं. जेवण वाढण्याची पाळीही मुलांचीच. पांढरा झगा आणि टोपी घालून वाढायचं, आणि आठवड्याच्या शेवटी तो झगा घरी नेऊन, धुऊन, इस्त्री करून पुढच्या पाळीच्या मुलासाठी आणायचा. भाची हलालमुळे डबा घरून नेते, पण वाढण्याची पाळी तिला चुकत नाही. वर्गातलं फडकंही प्रत्येक मुलानं घरून आणायचं असतं, जुन्या टॉवेलचं, शिवलेलं. बाजारात तयार मिळतं, पण भाचीनं दादीकडून शिवून घेतलं. अम्मीनं असे घट्ट टाके घातले की ते फडकं पोरगी दहावीपर्यंत वापरेल.

इथवर सगळं छान होतं. परतून मी हेच सांगितलं असतं आणि टाळ्या घेतल्या असत्या.

शाळेतून निघताना भाचीच्या मैत्रिणीची आजी भेटली. हसतमुख बाई. अम्मीचा हात हातात घेऊन चौकशी करू लागली, भाची दुभाषी. आजोबा काय करायचे, असं तिनं विचारलं. भाचीनं आपल्या परीनं सांगितलं की दादा बकरे कापायचे, त्यांचं दुकान होतं. आजीबाईंचं हसू गेलं नाही, पण बोलणं थांबलं. थोडं वाकून त्या निघून गेल्या. घरी येताना भाची म्हणाली, "फुप्पी, ती एकदम गप्प का झाली?" मला काय ठाऊक! कदाचित पोरीच्या तोंडून कापाकापीचं वर्णन ऐकून बिचारीला कसंसं झालं असेल. तिच्यावर मी आरोप करणार नाही. पण रात्री भावाला सांगितलं तेव्हा तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आपा, इथं आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसमधल्या एका जुन्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वडिलांचा धंदा सगळ्यांना सांगत बसू नकोस. मला तेव्हा कळलं नव्हतं."

मग त्यानं मला जे सांगितलं आणि पुढं मी जे वाचलं, ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जपानमध्ये शेकडो वर्षं जनावरं कापणारे, मेलेली जनावरं उचलणारे, कातडी कमावणारे लोक अस्पृश्य मानले गेले. बौद्ध आणि शिंतो या दोन्ही धारणांत रक्त आणि मृत्यू यांचा विटाळ. सम्राट तेन्मूनं ६७५ साली गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली होती. पुढं या कामांतल्या लोकांना 'एता' म्हणू लागले. हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ 'भरपूर विटाळ'. दुसरा एक गट होता 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेले. १८७१ साली सरकारनं फर्मान काढून हे भेद रद्द केले. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, सम्राट मेजीनं गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली, कारण आता पाश्चात्त्यांसारखं बलवान व्हायचं होतं. मांस प्रतिष्ठित झालं. मांस कापणारा तिथंच राहिला.

या लोकांना आता बुराकुमिन म्हणतात. बुराकु म्हणजे नुसती वस्ती. त्यांचा चेहरा, भाषा, नाव, धर्म, सगळं इतर जपान्यांसारखंच. ओळखायचं तर पत्त्यावरून. म्हणून १९७५ साली उघडकीस आलं की देशभरातल्या अशा वस्त्यांची नावं-ठिकाणं छापलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती आणि मोठमोठ्या कंपन्या ती विकत घेत होत्या, नोकरीला आलेल्या उमेदवाराचा पत्ता ताडून पाहण्यासाठी. लग्न ठरवतानाही घराण्याची अशी चौकशी व्हायची. २०१६ साली जपानच्या संसदेनं बुराकु भेदभाव दूर करण्याचा कायदा केला. म्हणजे फर्मानानंतर १४५ वर्षांनी तो कायदा करावा लागला.

ते लोक मुकाट्यानं सोसत मात्र राहिले नाहीत. १९२२ साली क्योतोत त्यांनी सुइहेइशा नावाची संघटना उभी केली. सुइहेइ म्हणजे पाण्यासारखी सपाटी, सगळे एका पातळीवर. आपल्याकडे महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्यायलं ते यानंतर पाच वर्षांनी. आणि एक गोष्ट शिक्षक म्हणून मला फार मोलाची वाटते. जपानमध्ये आज प्रत्येक मुलाला पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. त्यामागं १९६१ साली कोची प्रांतातल्या नागाहामा या वस्तीतल्या बुराकु आयांचा लढा आहे. संविधान शिक्षण मोफत असल्याचं सांगतं, मग पुस्तकं विकत का घ्यायची, असं म्हणून त्यांनी पुस्तकं घेणंच थांबवलं. दोन वर्षांत देशासाठी कायदा झाला.

हे कळल्यावर मला आसाकुसाला परत जावंसं वाटलं. पहिल्या दिवशी तिथं आम्ही काय पाहिलं होतं? सेन्सो-जीचं देऊळ, दारातला तो अवाढव्य लाल कंदील, उदबत्त्यांचा धूर अंगावर ओढून घेणारे लोक, अम्मीची केळ्याची साल. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा देवळाच्या मागं, नदीच्या बाजूनं उत्तरेकडे चालत गेलो. या भागात दान्झाएमोन या पिढीजात पदवीचा सरदार राहायचा. आसपासच्या सगळ्या एतांचा तो मुखिया. शेवटच्या दान्झाएमोननं मेजी काळात कातड्याचा आणि बुटांचा कारखाना काढला. आजही त्या परिसरात चामड्याची आणि चपला-बुटांची दुकानं आहेत. एका दुकानात मोठाले ढोल होते. देवळात, शिंतो जत्रेत, जिथं विटाळ चालत नाही तिथं वाजणारा हा ढोल गाईच्या कातड्यानं मढवलेला असतो, आणि ते कातडं पिढ्यान्‌पिढ्या याच लोकांनी कमावलेलं. आपल्या कीर्तनातल्या मृदंगाची पुडी आणि तमाशातल्या ढोलकीचं कातडं कोणाच्या हातून येतं, हे आठवून मी गप्प झाले.

आणि मग शिनागावा. स्टेशनाच्या पूर्वेकडून बाहेर पडलं की काचेचे उंच टॉवर, काळ्या कोटातली हजारो माणसं. त्या टॉवरांच्या मधोमध, चालत पाच मिनिटांवर, शिबाउराचा कत्तलखाना आणि मांसबाजार आहे. १९३६ पासून. जगात ज्या वाग्यू गोमांसाची चर्चा होते, ते इथूनही जातं. तिथल्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक माहिती दालन आहे, फुकट. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मांस कसं तयार होतं याचे तक्ते आहेत. आणि एका बाजूला पत्रं आहेत. कत्तलखान्यातल्या कामगारांना आलेली निनावी पत्रं. भावानं मोबाइल धरून वाचून दाखवायला सुरुवात केली. जनावरं मारणारे तुम्ही, तुम्ही माणसं नव्हेत, अशा आशयाचं. दुसऱ्या पत्राच्या मध्यावर अम्मी म्हणाली, "बस कर."

माझे अब्बा खाटिक होते. तालुक्याच्या गावी मटण मार्केटमध्ये त्यांचं दुकान होतं. दुकान बंद केल्यावर ते लाकडी ओंडका गरम पाण्यानं आणि मिठानं घासायचे, सुऱ्या धुऊन पुसून फडक्यात गुंडाळायचे, मग घरी येऊन आंघोळ, धुतलेला पांढरा कुर्ता आणि इशाची नमाज. इतका स्वच्छ माणूस मी आजवर पाहिला नाही. जपानातही नाही. बी.एड.ला असताना एक वर्गमैत्रीण माझ्या डब्याशेजारचा आपला डबा उचलून लांब बसली. ती दुसऱ्या धर्माची होती, ते मला समजू शकलं. पण लग्नाचं वय झालं तेव्हा दोन ठिकाणांहून निरोप आला, "लडकी पढी-लिखी है, मगर कसाइयों में रिश्ता कैसे करें?" ती दोन्ही घरं पाच वेळच्या नमाजींची, आपल्याच मोहल्ल्यातली, स्वतःला खानदानी म्हणवणारी.

इस्लाममध्ये जात नाही, हे मी शाळेत शिकवते आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण मुसलमानांत ती आहे. नसती तर १९९० च्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींना चळवळ करावी लागली नसती आणि खाटिक, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन असे दाखले काढावे लागले नसते.

माझा मुद्दा आता सांगते. सफाई आणि सोवळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सफाई म्हणजे घाण दिसली की ती माझ्या हातानं काढणं. सोवळं म्हणजे घाणीला एक मालक नेमून देणं आणि मग त्या मालकापासून लांब राहणं. जपानमध्ये या दोन्ही आहेत. पहिली रस्त्यावर दिसते, तिचे फोटो निघतात. दुसरी लग्नाच्या चौकशीत, पत्त्यात आणि निनावी पत्रात असते, म्हणून प्रवाशाला दिसत नाही. अब्दुर्रशीद इब्राहिम यांनाही ती दिसली असेल असं वाटत नाही. आपण मात्र जपानकडून सफाईचा धडा घ्यायचा म्हणतो तेव्हा आपल्या तोंडी सफाई असते आणि मनात सोवळं. 'आपले मोहल्ले बघा' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मोहल्ल्यातल्या खालच्या गल्लीकडे बोट दाखवत असतो, जिथं तो स्वतः राहत नाही.

आता ज्या कार्यक्रमाचं निमंत्रण होतं त्याविषयी. 'सफाई: जपान आणि आपण' असा विषय, मोहल्ल्यातलं सभागृह, बायकांची वेगळी बाजू, बऱ्यापैकी गर्दी. मी केळ्याची साल सांगितली, हशा पिकला. शाळेतली फडकी सांगितली, माना डोलल्या. मग शिबाउरा सांगितलं आणि अब्बांचं सांगितलं. सभागृह शांत झालं. शेवटी एक ज्येष्ठ संयोजक अदबीनं म्हणाले, "मॅडम, बात सही है, पण हा विषय आज कशाला काढला? घरच्या गोष्टी चारचौघांत कशाला?" बाहेर पडताना एक म्हातारी बाई माझ्या कानाशी येऊन फक्त एवढंच म्हणाली, "मैं भी."

बोलून झालं, आता करून बघू म्हणून जानेवारीत मी माझ्या सातवीच्या वर्गात पाळ्या लावल्या. झाडू, फडकं, फळा, कचऱ्याची बादली. दहा मिनिटं, रोज. मुख्याध्यापक काळजीत होते, कोणी बालमजुरीची तक्रार केली तर? चौथ्या दिवशी एका मुलाच्या आई आल्या. "मॅडम, आम्ही फी भरतो, कपडे इस्त्री करून पाठवतो, माझा मुलगा शाळेत झाडू मारायला येत नाही." मी माझ्या परीनं समजावलं. त्या ऐकून घेऊन गेल्या, पटलं नाही.

त्यापेक्षा मला जे लागलं ते वेगळंच. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की बादली रोज एकाच मुलाच्या हातात असते. तक्त्यावर तर मी सगळ्यांची नावं फिरवून लिहिली होती. मुलांनी आपापसांत बदलून घेतलं होतं. त्या मुलाचे वडील घंटागाडीवर आहेत. मी विचारलं, असं का? एक गोड पोरगी, वर्गातली हुशार, अगदी निरागसपणे म्हणाली, "त्याला येतं ना, मॅडम." तो मुलगा खाली बघत उभा होता. बाराव्या वर्षीच ठरलं होतं सगळं, आणि माझ्याच तक्त्यातून.

जपानच्या शाळेतल्या बाई खिडकी का पुसत होत्या, ते मला त्या दिवशी उमगलं. मी तक्ता फाडला. नवा केला, हजेरीच्या क्रमानं, अदलाबदल बंद. त्यात माझंही नाव घातलं. आणखी दोन सहकाऱ्यांनी आपली नावं दिली, बाकीच्यांनी कामाची सबब सांगितली. मुलाला जवळ बोलावून विचारलं, तुला काय आवडेल? म्हणाला, फळा. या आठवड्यात फळा त्याच्याकडे आहे. तारीख अशी रेखीव लिहितो की पुसावीशी वाटत नाही.

शनिवारची बादली माझी. गेल्या शनिवारी ती घेऊन मी फाटकाबाहेरच्या कुंडीकडे निघाले, तर त्या आई मुलाला न्यायला आलेल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सलाम झाला. मुलाला त्यांनी अजून शाळेतून काढलेलं नाही. त्याची बादलीची पाळी पुढच्या बुधवारी आहे.